कूलरवरचे भाऊ

आमच्या गॅलरीत वर्षातले आठ महिने एक भाऊ राहतात. म्हणजे कुण्या एका भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स. चौकात पोट्टे ते खांबावरून काढून फेकून राहिले होते, मी म्हटलं फेकता काऊन, इकडे द्या, आणि तेव्हापासून पावसाळा-हिवाळाभर ते आमच्या कूलरवर गुंडाळलेलं असतं, भाऊंचा चेहरा आतल्या बाजूनं, उगाच शेजारच्यांना प्रश्न नको. फ्लेक्स भिजत नाही, लवकर फाटत नाही, आणि बाजारात कूलरचं कव्हर घ्यायला गेलं तर तीन-चारशे मागतात. कायले द्यायचे बाप्पा?

घरात मला चिकट म्हणतात. लेक पुण्याहून फोनवर म्हणते, "आई, तू चेंगट आहेस," तिला वाटतं हा शब्द जरा सौम्य आहे. मी स्वतःला काटकसरी म्हणते. पाहुण्याच्या ताटात वाढताना हात आखडला तर तो चिकटपणा, आपलं आपल्यात चाललं असेल तर ती काटकसर, असा माझा साधा हिशोब आहे, आणि पाहुण्यांच्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवून दाखवावं.

हे सगळं माहेरून आलं. आम्ही नागपूरच्या महाल भागातले. आजी लोणी कढवल्यावर गंजातली, म्हणजे पातेल्यातली, बेरी कधी घासायला टाकायची नाही, त्यातच गरम भात कालवायची, मीठ टाकायची, आणि त्या एकेका घासासाठी आम्ही चार भावंडं भांडायचो. तेव्हा आम्हाला वाटायचं केवढे लाड होऊन राहिले आपले! गंज पुसला जातोय हे लक्षात यायला मला चाळिशी उजाडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते तेव्हा आम्ही अजून माहेरी जातो, आणि मागच्या खेपेला "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" सुरू झाल्याबरोबर आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघून "चिकटपणा पण घेऊन जा गे" अशी आरोळी ठोकली. अख्खी गॅलरी हसली. मारबत काही थांबली नाही.

आता लाइटचं सांगते. रिकाम्या खोलीत बल्ब सुरू दिसला की माझ्या पोटात खड्डा पडतो, मी हातातली कणीक तशीच ठेवून कोपरानं बटण बंद करते. एकदा ह्यांनी कागद-पेन घेऊन बसवलंच मला. "बल्ब 9 वॅटचा आहे, एक युनिट जळायला 111 तास लागतात, युनिट दहा रुपये धर, तू एका तासाचा बल्ब बंद केला की नऊ पैसे वाचले. आणि तुझा गीझर 2000 वॅटचा, तो पंधरा मिनिटं जास्त राहिला की अर्धं युनिट, म्हणजे बल्बचे पंचावन्न तास." मी गप्प. कारण त्या वेळी गीझर सुरूच होता, मीच सुरू ठेवला होता. आता गीझरकडे पण लक्ष असतं पण खरं सांगू का, बल्ब बंद करताना जो आनंद होतो तो गीझर बंद करताना होत नाही, गीझर जळताना दिसत नाही ना.

महावितरणच्या बिलाचं पण असंच. 100 युनिटच्या वर गेलं की दर बदलतो, 300 च्या वर अजून बदलतो, हे माहीत असल्यामुळे मी मे महिन्यात रोज मीटर बघायची आणि 290 च्या पुढे गेलं की घरात संचारबंदी, मिक्सर बंद, इस्त्री बंद. कितीतरी वर्षं मी समजत होते की 301 झालं की सगळंच बिल महाग दरानं लागतं. तसं नसतंय म्हणे, 300 च्या वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. म्हणजे मी खलबत्त्यात जे मसाले कुटले ते दोन-चार युनिटांसाठी. असो, चव चांगली येते.

फजितीही होते. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मी मुद्दाम रात्री नऊनंतर जाते, तेव्हा भाजीवाले उठायच्या तयारीत असतात. एकदा सांभार, म्हणजे कोथिंबीर, वीस रुपयात सात गड्ड्या मिळाला. सात! आता एवढ्या सांभाराचं करायचं काय, तर सांभारवडी. मग बेसन आलं, मैदा आला, खोबरं, तीळ, चारोळी आणि खसखस आली (खसखशीचा भाव विचारू नका), तळायला तेल आलं, कढी केली, दीर-जाऊबाईंना जेवायला बोलावलं. ह्यांनी जेवता जेवता विचारलं, "आज किती वाचले?" मी त्यांना अजून दोन वड्या वाढल्या.

कूलरचं उरलेलं पाणी मोगऱ्याला घालायची, त्याचीही अद्दल घडली. पाणी उडून जातं पण त्यातले क्षार टाकीतच राहतात, कूलरच्या गवताच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो ना तोच. मोगऱ्याची पानं कडेनं करपली तेव्हा कळलं. आता ते पाणी अंगण धुवायला, आणि मोगऱ्याला तांदूळ धुतलेलं.

30 मे 2024 ला बातमी झळकली की नागपुरात 56 डिग्री. लेकीचा घाबरून फोन, कूलर फुल ठेव, भावनेच्या भरात एसीच ऑर्डर करून टाकते म्हणाली. मी म्हटलं मशीन बिघडलं असेल, 56 असतं तर मी फोन उचलला नसता. आणि खरंच, हवामान खात्यानं नंतर सेन्सरमधला बिघाडच सांगितला. पण एसी आला तो आलाच.

एसीला मी जुन्या कॉटनच्या साडीचं कव्हर शिवलंय, सुंदर दिसतं. नियम एकच, पाहुणे आले की लावायचा. तर परवा ह्यांचे आत्ये-मामे भाऊ आले, मी कव्हर काढलं, रिमोटची प्लास्टिकची पिशवी काढली, 24 वर लावला. दहा मिनिटांनी मोठे भाऊजी म्हणतात, "वहिनी, ह्याच्यानं डोकं जड होऊन राहिलं, तुमचा कूलर नाही का?"

मी धावत जाऊन कूलर सुरू केला. फक्त त्या एसीचा बाहेरचा डबा उन्हापावसात उघडा पडलाय त्याचं वाईट वाटतं, त्याला भाऊंच्यापेक्षा जरा मोठं फ्लेक्स लागेल. बघू, निवडणुका तर येतच राहतात.