रत्नागिरीची 800, लातूरचं अंगण: डाव्या लोअर आर्मचा बोल्ट अखेर निघाला

गाडी मारुती 800, 2004 ची. आयुष्य सगळं रत्नागिरीत गेलं आणि गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे लातूरला आली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत जुन्या गाडीचे खालचे बोल्टसुद्धा सहसा पाना लावला की सुटतात. खाऱ्या हवेचं तसं नसतं. वरून पत्रा स्वच्छ दिसत होता, पण वाकून खाली पाहिलं तर एकेक नट विटकरी पापुद्र्यात गुंडाळलेला. खड्ड्यात गेली की डावीकडून टकटक यायची, म्हणून लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश बदलायला घेतले.

शुक्रवार, शनिवार. गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, हात जोडून सांगतो). आट्यांवर तारेचा ब्रश मारला आणि गंज सोडवायचं तेल रात्री एकदा, सकाळी एकदा सोडलं. पाना सहा कोनी बॉक्सच वापरला. बारा कोनी पाना गंजलेल्या नटाची तोंडं गोल करतो. आधी नट किंचित आवळला, 'कट्' असा बारीक आवाज आला, मग उलटा फिरवला. थोडा पुढं, थोडा मागं, मधे पुन्हा तेल. एकदम जोर लावला की गंजाची भुकटी आट्यात अडकते आणि बोल्ट तुटतो. अर्ध्या तासात नट हातात आला. मला वाटलं, जिंकलो.

रविवार. बोल्ट बाहेरच येईना. डोक्याला पाना लावला की जरा फिरायचा आणि सोडला की स्प्रिंगसारखा परत जागेवर. हातोडा मारला, टोक तेवढं चेपलं. लांब पाइप घालून जोर लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात कोपऱ्यावरचे गॅरेजवाले चाचा आले. त्यांनी डोकं एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आट्याचं काम कालच झालं बेटा. ह्यो बुशात धरलाय."

तेच खरं होतं. बुशाच्या रबराच्या आत लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिच्यातून जातो. लोखंडापेक्षा त्याचा गंज जास्त जागा घेतो, त्यामुळे नळी आणि बोल्ट यांच्यातली फट भरून दोन्ही एकजीव होतात. मी फिरवत होतो तो बोल्ट नव्हेच, नळीसकट रबराला पीळ देत होतो. इतक्या लांब नळीत तेल आतवर पोचत नाही. ज्योत लावली तर रबर पेटतं आणि शेजारीच ब्रेकचा होज आहे. तेलाचे फवारे मारलेल्या जागी तर ज्योत नकोच.

सोमवार संध्याकाळ. कापायचं ठरवलं. गंजगोलाईच्या बाजारातून हॅक्सॉची चांगली पाती आणली. ग्राइंडर तिथं शिरत नाही, म्हणून पात्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि बुश आणि तो ज्यात बसतो तो ब्रॅकेट यांच्या सांध्यात पातं घातलं. डोळ्यांवर चष्मा होताच. आधी नळी कापली, मग बोल्ट. दोन बाजूंना मिळून दीड तास, तीन पाती. शेवटचा धागा तुटला आणि आर्म हळूच खाली आला, तेव्हा अंगणातच बसून चहा प्यालो. कापलेला तुकडा जपून ठेवलाय: बाहेर नळीचं कडं, मधे चकाकणारा बोल्ट आणि दोघांमध्ये काळपट गंजाची केसाएवढी रेघ. सगळी अडवणूक तिचीच.

नवा बोल्ट मूळ मापाचा आणि मूळ ग्रेडचाच घेतला. हार्डवेअरमधला साधा बोल्ट इथं चालत नाही. नळीत जाणाऱ्या भागाला ग्रीस फासलं. नट शेवटचा आवळला तो गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावरच. हवेत लटकत असताना आवळला तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो.

डाव्या बाजूची टकटक गेली. उजव्या बाजूच्या नटावर आज रात्री पहिलं तेल सोडलंय. तिकडं नट निघाला की हातोडा उचलायच्या आधी बोल्टचं डोकं फिरवून बघणार आहे, परत येतं की नाही ते.