पहिल्याच पत्त्यावर अडलेला क्लायंट

ऑफिसातली इंटरनेटची लाइन बदलली आणि त्याच संध्याकाळपासून आमचा सी भाषेतला क्लायंट (सर्व्हरशी जोडणी करणारा प्रोग्राम) सर्व्हरला जोडला जाईना. दोन मिनिटं नुसता थांबायचा, मग ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये मात्र तोच सर्व्हर झटकन उघडत होता.

प्रोग्राम सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारा एसट्रेस लावला, तर प्रोग्राम कनेक्टवर, म्हणजे जोडणी मागणाऱ्या कॉलवर, अडकलेला. नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये तेच सिन पॅकेट, म्हणजे जोडणीची पहिली विनंती, पुन्हा पुन्हा जाताना दिसलं: 1 सेकंदाने, मग 2, 4, 8, 16, 32 आणि शेवटी 64 सेकंदांची वाट. बेरीज 127. उत्तर एकालाही नाही. पत्ता बघितला, तो आयपीव्ही6 चा होता (इंटरनेट पत्त्यांची ही नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही4). नव्या राउटरने मशीनला आयपीव्ही6 दिलं होतं, पण बाहेर गेलेली पॅकेटं कुठेतरी गडप होत होती.

खरी चूक आमच्या कोडमध्ये होती. सर्व्हरच्या नावावरून पत्ते शोधणारं गेटअ‍ॅड्रइन्फो एक पत्ता देत नाही, यादी देतं. तिचा क्रम आरएफसी 6724 या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजातल्या नियमांनी लागतो आणि आयपीव्ही6 बहुधा वर येतं. आम्ही पहिला पत्ता उचलून बाकीची यादी सोडून देत होतो. आयपीव्ही4 चा चालू पत्ता त्याच यादीत दुसऱ्या नंबरवर होता.

यादीतला एकेक पत्ता बघणारा लूप लावला, तर दुसऱ्या पत्त्यावर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. सॉकेट, म्हणजे जोडणीचं आमच्या बाजूचं टोक, लूपच्या बाहेर एकदाच बनवलेलं राहिलं होतं, आणि आयपीव्ही6 च्या सॉकेटवर आयपीव्ही4 चा पत्ता चालत नाही. प्रत्येक पत्त्याला त्याच्या फॅमिलीचं (आयपीव्ही4 किंवा आयपीव्ही6) नवं सॉकेट हवं, आणि जोडणी फसली की ते आधी बंद करायला हवं. हे केल्यावर क्लायंट जोडला गेला, पण 127 सेकंदांनी. एवढा वेळ कोण थांबेल?

म्हणून सॉकेट नॉन-ब्लॉकिंग केलं. आता कनेक्ट ‘काम चालू आहे’ एवढं सांगून लगेच परत येतं, आणि पोल (सॉकेटवर काही घडलं का ते सांगणारा कॉल) लावून वाट बघायची. इथे एक गोष्ट जपावी लागते. सॉकेट लिहिण्याजोगं झालं म्हणजे जोडणी झाली असं नाही. नकार आला तरी पोल तेच सांगतो. गेटसॉकऑप्टने एसओ_एरर, म्हणजे सॉकेटवर नोंदलेली एरर, वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग 2017 चा आरएफसी 8305 वाचला, म्हणजे ‘हॅपी आयबॉल्स’ नावाची पद्धत. ब्राउझर का अडत नव्हता ते तिथे कळलं. पहिल्या पत्त्याला 250 मिलिसेकंद द्यायचे. तेवढ्यात जमलं नाही तर त्याला चालू ठेवून दुसरा सुरू करायचा. जो आधी लागेल तो ठेवायचा, बाकीचे बंद. मी तसंच लिहिलं. शिवाय प्रत्येक पत्त्याची एरर वेगळी लॉगमध्ये टाकली. माझ्या मते हे तितकंच गरजेचं आहे, कारण फक्त शेवटची एरर छापली तर पहिला पत्ता का फसला ते कधीच कळत नाही.

पुढच्या रनमध्ये टीसीपीडंपवर आयपीव्ही6 चं सिन गेलं, पाव सेकंदाने आयपीव्ही4 चं, आणि लगोलग सर्व्हरचा होकार म्हणून त्याचं सिन-अ‍ॅक आलं. तो लॉग लाइनवाल्यांना पाठवला. त्यांनी राउटिंग दुरुस्त केल्यापासून आयपीव्ही6 च आधी लागतं, दुसऱ्या पत्त्यापर्यंत पाळी येत नाही.