तारे का नाही आले?

मुलांच्या समुपदेशनाचं काम करताना बरंच काही ऐकून झालंय, पण तो दिवस अजून मनातून जात नाही. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील आले होते. त्याने धाकट्या बहिणीच्या डोक्यात लाकडी ठोकळा मारला होता. तीन टाके पडले होते. "मॅडम, ती रक्तबंबाळ झाली आणि हा नुसता बघत उभा! याला काहीच कसं वाटलं नाही?" आईचा आवाज थरथरत होता. नऊ वर्षांचा थोरला मुलगाही सोबत होता, त्याला घरी एकट्याला ठेवता येत नव्हतं म्हणून.

मी धाकट्याबरोबर जमिनीवर बसले, त्याच्यापुढे कागद-रंग ठेवले. त्याने एक डोकं काढलं, त्याभोवती गोल गोल तारे काढले आणि मला विचारलं, "ताई, तारे का नाही आले?"

तो दगडाच्या काळजाचा नव्हता. तो वाट बघत होता. कार्टूनमधल्या मांजराच्या डोक्यात हातोडा बसतो, तारे फिरतात, टेंगूळ येतं आणि पुढच्या क्षणी मांजर पळायला लागतं. बहीण उठली नाही, तेव्हा त्याला काय करावं ते कळेचना.

'कार्टून आहे, खरं थोडंच असतं' असं वडील म्हणाले. मी त्यांना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६३ च्या प्रयोगाबद्दल सांगितलं. ९६ लहान मुलं होती. काहींनी मोठ्या माणसाला प्रत्यक्ष समोर हवेच्या बाहुलीला मारताना पाहिलं, काहींनी तेच फिल्मवर, तर काहींनी काळ्या मांजराच्या वेशातली बाई तसंच करताना फिल्मवर पाहिली. मग मुलांना थोडं चिडवून खेळायला सोडलं. मांजर पाहिलेली मुलंही, यातलं काहीच न पाहिलेल्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट आक्रमक वागली. बाहुली मारण्यासाठीच असते, त्यावरून खऱ्या मारामारीचा अंदाज बांधू नये, हा आक्षेप मला पटतो. पण 'कार्टून आहे म्हणून चालतं' ही सबब मात्र तिथे टिकत नाही.

आम्ही घरी काय करायचं ते ठरवत होतो: सोबत बसून बघायचं, मध्येच थांबवायचं, "आता त्याला किती दुखत असेल?" असं विचारायचं. तेवढ्यात माझं लक्ष थोरल्याकडे गेलं. तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला होता. आई म्हणाली, "याचं काही नाही हो, हा शांत आहे. आमच्याबरोबर बातम्या बघतो."

"झोप कशी लागते याला?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. गेला महिनाभर तो दिवा चालू ठेवून झोपत होता.

लहान मुलं दिसायला भयंकर असलेल्या गोष्टींना घाबरतात, अगदी खोट्या राक्षसालाही. सात-आठ वर्षांनंतर मात्र 'हे खरंच घडू शकतं' ही जाणीव जास्त घाबरवते. या मुलाने युद्धाच्या बातमीत कोसळलेली घरं पाहिली होती. नुसतं जवळ घेऊन त्याची भीती जाणार नव्हती. मी पृथ्वीगोल खाली काढला. तो देश त्यानेच शोधला, मग आपलं घर. मधलं अंतर त्याने बोटांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"विमानाला किती वेळ लागतो?"

मी खरं ते सांगितलं. त्याने मान हलवली आणि गोल फिरवून तो देश पलीकडे नेला. पुढच्या आठवड्याची वेळ मी त्याच्या नावाने लिहिली.