एकटं प्रार्थना करता येते की, मग जमायचं कशाला?

परवा घरात यावरून चांगलीच जुंपली. माझा मावसभाऊ म्हणतो, ताई, प्रार्थना मी बसमध्ये पण करतो, त्यासाठी दर शुक्रवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसायलाच पाहिजे का, येशूनेच सांगितलंय ना खोलीत जा आणि दार लावून घे. वचन बरोबर आहे, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. पण त्याच मत्तयात अठराव्या अध्यायात दोघं किंवा तिघं माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे असंही आहे, ते बरं विसरतो हा. आणि खोलीत जाऊन दार लावून घेणारे हल्ली आत काय करतात ते मला माहितीये, मोबाईल बघतात.

माझं म्हणणं एवढंच की एकटीने प्रार्थना केली की ती माझ्याभोवतीच फिरते. माझी नोकरी, होमलोनचा हप्ता, पोराची दहावी, आईचे गुडघे, झालं, आमेन. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत मात्र सुरुवातीलाच पाळक, म्हणजे आमचे पास्टर, विचारतात, प्रार्थनेचे विषय सांगा, आणि मग कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची एमआयडीसीतली कंपनी बंद पडतीये, कुणाचा मुलगा पिऊन घरी येतो, हे सगळं त्या हॉलमध्ये येऊन पडतं आणि त्यातला एक विषय माझ्या वाट्याला येतो, मोठ्याने म्हणायला. आता ज्या मुलाचं नाव मी सगळ्यांसमोर देवापुढे घेतलं त्याला सोमवारी जिन्यात बघून मी तोंड कसं फिरवणार? हे बसमध्ये होत नाही.

पप्पा आयसीयूत होते तेव्हा मला प्रार्थना जमायचीच नाही. डोळे मिटले की मॉनिटरचा आवाज आणि बिलाचा आकडा, शब्दच नाहीत. त्या आठवड्यात सभेला मी नुसती जाऊन बसले, गाणी पण म्हटली नाहीत. आमच्याकडे एक मावशी आहेत, त्यांचं आणि आमच्या मम्मीचं ख्रिसमसच्या कॅरोल प्रॅक्टिसवरून असं बिनसलेलं की चर्चमध्ये एकमेकींना सलाम पण करत नव्हत्या. त्याच उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि पप्पांचं पूर्ण नाव घेऊन प्रार्थना केली, मध्येच रडल्या, मग नाक पुसून परत सुरू. मम्मी शेजारीच बसली होती. नंतर चहाच्या वेळी दोघी किचनमध्ये कप विसळत होत्या आणि साखर कमी पडली यावर बोलत होत्या. कॅरोलचा विषय अजून मिटलेला नाही बरं का, पण बोलणं सुरू झालं.

आपल्याकडे यातलं मोठं उदाहरण केडगावचं आहे, दौंडजवळचं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जानेवारीत बाईंनी विचारलं, रोज माझ्यासोबत प्रार्थनेला कोण बसणार? सत्तर जणी पुढे आल्या. या मुली-बायका कोण, तर कुणी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून वाचलेली, कुणी गुजरातेतून आणलेली, कुणी बालविधवा, जिचं नाव घेऊन बाहेर कुणी प्रार्थना करेल असं माणूसच उरलं नव्हतं. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला, दिवसातून दोनदा बसायच्या, आणि जूनच्या शेवटी तिथे जे जागरण, म्हणजे रिव्हायवल, विश्वासाची मोठी लाट आली त्याची बातमी जगभर गेली. एकाच वेळी सगळ्या मोठमोठ्याने प्रार्थना करायच्या म्हणून नाकं मुरडणारे तेव्हा पण होते. मला त्या गोंगाटापेक्षा आधीचे ते महिने जास्त महत्त्वाचे वाटतात, जेव्हा काहीच घडत नव्हतं आणि तरी त्या रोज येऊन बसत होत्या. जागरणाबद्दल भाषणं खूप होतात, त्या रोजच्या बसण्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता जमलेली मंडळी म्हणजे फार विश्वासाची असतात असं अजिबात नाही हां. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, बारावा अध्याय काढून बघा. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, मंडळी मार्काच्या आईच्या घरी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करतीये, आणि सुटलेला पेत्र दारात उभा राहून दार वाजवतोय. रुदा नावाची पोरगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळत येते आणि ज्याच्यासाठी प्रार्थना चाललीये तो बाहेर आहे म्हणून सांगते तर हे लोक तिलाच म्हणतात, तू वेडी आहेस! आमची सभा सेम अशीच आहे. एक आजोबा वीस-वीस मिनिटं प्रार्थना करतात, आदामापासून सुरू करून, तोपर्यंत चहा थंड, पोरं एक डोळा उघडून चिवड्याच्या डिशकडे बघतायत. कुणी प्रार्थनेच्या नावाखाली चक्क शेजाऱ्याची भानगड सांगतं, "प्रभू, तुला माहीतच आहे त्यांच्या घरात काय चाललंय" असं करून. म्हणून आम्ही आता ठरवलंय, ज्याचा विषय त्याला आधी विचारायचं.

लॉकडाऊनमध्ये झूमवर करून बघितलं. प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली, सगळ्यांनी अनम्यूट करून म्हणायला घेतली तर कुणी "रोजची भाकर" पर्यंत, कुणी अजून "स्वर्गातील पित्या" वर, मध्येच कुणाचा तरी कुकर. तरी तेव्हा तेच मोठं होतं, आणि जे आजारी आहेत किंवा गल्फमध्ये आहेत त्यांच्यासाठी अजून लिंक चालू ठेवलीये. पण ग्रुपवर विषय टाकला की खाली चाळीस हात जोडलेले इमोजी येतात ना, त्याला मी प्रार्थना म्हणत नाही, सॉरी.

आणि मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन, तो तर माझा फेव्हरेट. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासना लिहितात आणि तीच जगभर होते, 2023 ला तैवान, 2024 ला पॅलेस्टाईन, 2025 ला कुक आयलंड्स. वेगवेगळ्या चर्चच्या बायका एकत्र येतात, ज्यांचे पाळक एरवी एका स्टेजवर बसणार नाहीत अशा पण. त्या वर्षी आमच्या महिला मंडळाने आधी मोबाईलवर कुक आयलंड्स शोधलं, न्यूझीलंडच्या वर समुद्रात कुठेतरी ठिपके, आणि मग त्या ठिपक्यांतल्या बायकांसाठी आमच्या बायकांनी मराठीत प्रार्थना केली.

पुढचा शुक्रवार आमच्याकडे आहे. साडेसात म्हणजे आठ. पार्किंगची बोंब आहे तर रिक्षाने या, आणि आजोबा येणार आहेत, थोडं खाऊनच निघा.