कोंबडीच्या पिसातले माइट ओळखताना

एमएस्सी प्राणिशास्त्राच्या प्रकल्पाला मी पिसांवरचे माइट हे बारीक जीव निवडले, कारण नमुने घरीच होते. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, आजीच्या गावठी कोंबड्या आणि शेजारच्या काकांची कबुतरं. रानपाखरं धरायची तर १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते. कोंबडीला आजीची पुरते.

तीही सहज मिळाली नाही. "काय पाहून रायली वं तिच्या पखात? उवा झाल्या असतीन, चुलीतली राख टाक." उवाही होत्याच, पण त्या कीटक: सहा पाय, वेगळं दिसणारं डोकं. माइटला आठ पाय, म्हणजे कोळ्याच्या गोतावळ्यातला. मात्र अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माइटलाही सहाच पाय असतात, त्यामुळे नुसते पाय मोजून भागत नाही. काकांना म्हटलं, पराटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, लाल कोळ्याचा हा लांबचा नातेवाईक. काका म्हणाले, "मंग फवारा मार ना!"

फवाऱ्याचं कारण नव्हतं. पंखाचं मोठं पीस उन्हाकडे धरलं की तंतूंच्या मधल्या खाचांत धुळीसारखे कण ओळीनं बसलेले दिसतात. तेच हे, अर्धा मिलिमीटरच्या आसपासचे. रक्त पिणारा लाल माइट, डर्मानिसस, दिवसा खुराड्याच्या फटीत लपतो नि रात्री कोंबडीवर चढतो. त्याचा गणच वेगळा. पिसावरचे अ‍ॅस्टिग्मेटा गटातले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या पोटातला डीएनए तपासला, तर मुख्यतः बुरशी आणि जिवाणू सापडले. म्हणून माझ्या प्रकल्पाच्या शीर्षकातला 'परजीवी' शब्द मला पटत नव्हता. सर म्हणाले, राहू दे, परीक्षकांना तोच कळतो. राहिला.

गोळा करताना एकच पथ्य: एका पक्ष्याची पिसं एका पाकिटात, पाकिटावर पक्षी, तारीख, पिसाची जागा. कोंबडी-कबुतराची पिसं एकत्र झाली तर माइट कुणाचा हे नंतर देवही सांगणार नाही, आणि इथे यजमान कळला की निम्मी ओळख पटते. मग ७० टक्के अल्कोहोल, लॅक्टिक आम्लात पारदर्शक करणं, स्लाइडवर नमुना पक्का करणाऱ्या हॉयरच्या द्रावात बसवून वर काचेचा पापुद्रा. स्लाइड उबेत बरेच दिवस वाळवाव्या लागतात. मे महिन्यात आमच्या पत्र्याखालचं कपाटच ओव्हन होतं. लोडशेडिंगनं काही अडलं नाही. पावसाळ्याआधी मात्र कडा नेलपॉलिशनं बंद केल्या, कारण हा द्राव हवेतला ओलावा ओढतो.

खरा वेळ गेला तो नर शोधण्यात. माद्या एकसारख्या दिसतात, नरांत फरक ठळक. कोंबडीच्या अंगावरच्या मऊ पिसांत मेग्निनिया नावाचा माइट निघाला. त्याच्या नराची पायांची तिसरी जोडी इतकी जाडजूड की एकदा पाहिल्यावर अ‍ॅनाल्जिडी कुळ विसरत नाही. पंखाच्या पिसावर टेरोलायकस. कबुतरावर फाल्क्युलिफर, त्याच्या काही नरांचे जबडे एवढे मोठे की मला वेगळीच जात वाटावी, पण ते त्याच जातीचे. पुढे केसांच्या जागा मोजायच्या आणि पाठीवरच्या ढालीचा आकार काढायचा. किचकट काम, डोळे दुखतात, बाकी सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पिसाचा पोकळ दांडा चिरला तर आतही वेगळे माइट राहतात, सिरिंगोफिलिडी कुळातले. ते आतून दांड्याची भिंत भेदून पक्ष्याच्या शरीरातला द्रव ओढतात. म्हणजे खरे परजीवी आत, आणि त्या नावानं बदनाम झालेले बाहेर.

माइट बहुतेक आईबापांकडून पिलांकडे जातात, हे वाचल्यापासून मला कोकिळा छळते. तिचं पिल्लू तर कावळ्याच्या घरट्यात वाढतं, मग त्याच्यावर माइट येतात कुणाचे? वन विभागाकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा झालाय, सरांची सही तेवढी बाकी आहे.