कोल्हापूर उत्तर: आधी मशीनवरची चिन्हं बघा

२०१४ च्या ऑक्टोबरात कोल्हापूर शहरानं शिवसेनेचा आमदार निवडून दिला, तोही सुमारे २२ हजारांच्या मताधिक्यानं. वर्षभरानं, नोव्हेंबर २०१५ मध्ये महापालिकेचं मतदान झालं आणि ८१ नगरसेवकांत शिवसेनेचे आले चार. काँग्रेसचे २७. शहर तेच, पेठा त्याच, मतदारही बहुतेक तेच. असे आकडे शेजारी ठेवले की ‘कोल्हापूरकरांचा काही नेम नाही’ असं म्हणून लोक मोकळे होतात. नेम आहे. मात्र तो बघायला निकालाच्या बातमीतली पक्षांची नावं पुरत नाहीत. दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात: मतदारसंघाची हद्द कुठून जाते, आणि त्या दिवशी मशीनवर कुठली चिन्हं होती.

आधी हद्द. कोल्हापूर उत्तर हा विधानसभेचा २७६ क्रमांकाचा मतदारसंघ. जिल्ह्यातल्या दहांपैकी पूर्णपणे महापालिका हद्दीत बसणारा हा एकटाच. पंचगंगेच्या काठानं जुना बुधवार, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर. मधे अंबाबाईचं देऊळ आणि भवानी मंडप. दक्षिणेला मंगळवार पेठ, रंकाळ्याच्या अंगाला शिवाजी पेठ. जयंती नाला ओलांडला की शहराचा बाज बदलतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची व्यापारपेठ, स्टेशनचा परिसर, सदर बाजार, मग ताराबाई पार्क आणि नागाळा पार्कातले बंगले-अपार्टमेंट. आणि अगदी उत्तरेला कसबा बावडा, जो कागदावर शहर असला तरी अजून उसाच्या फडाला लागून आहे.

म्हणजे एकाच मतदारसंघात तालीम-मंडळांवर चालणाऱ्या पेठा, दुकानदारांची बाजारपेठ, मतदानाला जरा कमीच उतरणारे पार्क आणि गावासारखा एकगठ्ठा विचार करणारा बावडा असे चार तुकडे आहेत. चौघांची सरासरी काढून ‘शहरी मतदार’ असा एक माणूस तयार केला की तो कुठल्याच गल्लीत सापडत नाही.

शहराचा उरलेला भाग कोल्हापूर दक्षिणमध्ये (क्रमांक २७४) जातो, आणि तिथं त्याच्याबरोबर उचगाव, गांधीनगर, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा ही गावं आहेत. या गावांत फिरताना शहर कुठं संपलं ते कळत नाही, इमारती सलग आहेत. पण हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडल्यामुळं ही मंडळी ग्रामपंचायतीला मत देतात, महापालिकेला नाही. त्यामुळं ‘दक्षिण’च्या विधानसभेच्या निकालावरून महापालिकेचा अंदाज बांधणं म्हणजे ज्यांना महापालिकेत मतच नाही त्यांचंही मत धरून चालणं.

नावाचा घोळ तर याहून वाईट. २००८ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याच्या १२ जागांच्या १० झाल्या. गडहिंग्लज, सांगरूळ, पन्हाळा, वडगाव ही नावं गेली. जुना ‘कोल्हापूर’ मतदारसंघ थोडाफार ‘कोल्हापूर उत्तर’ झाला. जुन्या ‘करवीर’चा मोठा भाग ‘कोल्हापूर दक्षिण’मध्ये आला, आणि ‘करवीर’ हे नाव मात्र सांगरूळच्या बाजूच्या नव्या मतदारसंघाला मिळालं. २००४ मध्ये सतेज पाटील (आता काँग्रेसचे नेते) अपक्ष म्हणून दिग्विजय खानविलकरांना हरवून ‘करवीर’मधून आले, २००९ ला ते ‘दक्षिण’मधून लढले. त्यांनी मतदारसंघ बदलला असं कुणी म्हणालं तर समजावं की याला नकाशा माहीत नाही. २००४ चं ‘करवीर’ आणि २००९ चं ‘करवीर’ एका तक्त्यात खाली-वर लिहू नये. लोकसभेतही हेच: इचलकरंजी गेली, हातकणंगले आली. जुन्या आणि नव्या ‘कोल्हापूर’ लोकसभेचं नाव एकच असलं तरी पोटातले विधानसभा मतदारसंघ वेगळे आहेत. २००९ पासून पुढचे आकडे मात्र एकमेकांशी बिनधास्त ताडून बघता येतात, कारण त्यानंतर हद्द हललेली नाही.

आता इतिहास, थोडक्यात. हे शहर एकेकाळी शेकापचं (शेतकरी कामगार पक्षाचं), लाल झेंड्याचं. १९८५ मध्ये प्रा. एन. डी. पाटील इथून आमदार झाले. पुढच्याच निवडणुकीत, १९९० मध्ये, शिवसेनेचे दिलीप देसाई आले. १९९५ आणि १९९९ ला सुरेश साळोखे. पाच वर्षांत लालवरून थेट भगवं. बाहेरच्या माणसाला ही कोलांटउडी वाटते. पेठेत मात्र दोन्ही मतं एकाच जातकुळीची, म्हणजे काँग्रेसच्या प्रस्थापितांविरुद्धची होती, आणि दोन्हीकडं राबणारी पोरं तालमीतलीच. मला तरी शेकापचा शहरातला अस्त आणि सेनेचा उदय या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत.

२००४ ला मालोजीराजे छत्रपतींनी जागा काँग्रेसकडं आणली, २००९ ला राजेश क्षीरसागरांनी ती सेनेसाठी परत घेतली. राजघराण्याबद्दलचा आदर आणि मत यांची गाठ मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच २००९ ला लोकसभेत संभाजीराजे राष्ट्रवादीकडून उभे होते आणि अपक्ष सदाशिवराव मंडलिकांनी त्यांना सुमारे ४५ हजारांनी हरवलं. पंधरा वर्षांनी शाहू छत्रपती काँग्रेसकडून उभे राहिले आणि १ लाख ५४ हजार ९६४ मतांनी जिंकले. मुजरा गादीला असतो, मत त्या वेळच्या जोडण्यांना.

चिन्हांचा मुद्दा इथं येतो, आणि माझ्या मते उत्तरच्या अलीकडच्या चार निकालांची किल्ली हीच आहे.

२०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटलेल्या होत्या. धनुष्यबाण, हात, कमळ, घड्याळ अशी चारही चिन्हं मशीनवर होती. क्षीरसागर पहिले, काँग्रेसचे सत्यजित कदम दुसरे, भाजपचे महेश जाधव तिसरे. पक्षाची स्वतःची ताकद मोजायची तर या मतदारसंघात हाच एक निकाल बऱ्यापैकी कामाचा.

२०१९ मध्ये युती होती, कमळ नव्हतं. काँग्रेसचे चंद्रकांत जाधव, उद्योजक आणि फुटबॉलमधलं नाव, १५ हजारांवर मतांनी जिंकले. कमळावर मत देणाऱ्यांपैकी किती धनुष्याकडं वळले हे मशीन सांगत नाही. पण २०१४ ची सेनेची आणि भाजपची मतं बूथनिहाय एकत्र करून २०१९ च्या धनुष्याच्या मतांशी ताडली, की कुठल्या भागात गळती झाली ते नजरेत भरतं.

डिसेंबर २०२१ मध्ये चंद्रकांत जाधवांचं निधन झालं आणि एप्रिल २०२२ मध्ये पोटनिवडणूक लागली. तेव्हा राज्यात महाविकास आघाडी, त्यामुळं या वेळी धनुष्यबाण नव्हता. ज्या शहरानं १९९० ते २०१९ या सात निवडणुकांत पाचदा सेनेला निवडलं, तिथं सेनेच्या मतदाराला हात किंवा कमळ यांतलं एक निवडायचं होतं. काँग्रेसच्या जयश्री जाधव सुमारे १९ हजारांनी आल्या. दुसऱ्या क्रमांकावर भाजपचे सत्यजित कदम. हो, २०१४ ला हाताच्या चिन्हावर दुसरे आलेले तेच. एकच माणूस, तीच जमीन, आठ वर्षांत उलटं चिन्ह. कदमांची वैयक्तिक मतं आणि पक्षाची मतं वेगळी करून बघायची असतील तर हे दोन निकाल बूथनिहाय शेजारी ठेवावेत. अशी संधी फार मतदारसंघांत मिळत नाही.

२०२४ मध्ये हात गायब झाला. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांना उमेदवारी दिली, मग ती बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना दिली, आणि ४ नोव्हेंबरला माघारीची वेळ संपता संपता त्यांनी अर्ज मागं घेतला. काँग्रेसला अपक्ष लाटकरांनाच पाठिंबा द्यावा लागला. क्षीरसागर, आता एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेकडून, साडेएकोणतीस हजारांनी जिंकले. ‘काँग्रेस उत्तरमध्ये हरली’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं. आणि २०१९ चा धनुष्यबाण व २०२४ चा धनुष्यबाण यांत पक्षफुटीचं आख्खं महाभारत आहे, तेव्हा दोन्ही एका रंगात रंगवू नयेत.

हे सगळं बूथपर्यंत तपासायचं साधन म्हणजे फॉर्म २०, अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय मिळतं. आडव्या ओळीत मतदान केंद्राचा क्रमांक, उभ्या रकान्यांत उमेदवार, मग ‘नोटा’ (वरीलपैकी कुणीही नाही) आणि एकूण. टपाली मतं शेवटी वेगळी. पत्रक बरेचदा स्कॅन केलेलं असतं, तेव्हा आकडे हातानं उतरवून प्रत्येक उमेदवाराची बेरीज छापील बेरजेशी जुळवावी. जुळली नाही तर बहुतेक वेळा ३ आणि ८ ची गफलत असते, किंवा पान बदलताना एक ओळ सुटलेली असते.

त्यात पेठेचं नाव नसतं. त्यासाठी त्याच वर्षीची मतदार यादी घ्यायची. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर गल्ल्या, चौक आणि केंद्राचा पत्ता असतो. ‘त्याच वर्षीची’ हे महत्त्वाचं. एका केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार अशी मर्यादा बरीच वर्षं होती, आणि ती ओलांडली की भाग फोडून पुढचे क्रमांक सरकतात. २०१४ चा बूथ ११० आणि २०२४ चा बूथ ११० हे शेजारी असतीलच असंही नाही. आयोगानं २०२५ मध्ये ही मर्यादा १,२०० वर आणायचं ठरवलं, त्यामुळं पुढच्या वेळी क्रमांक पुन्हा हलणार. उपाय एकच: बूथची तुलना करू नका, शाळेच्या आवाराची करा. एका शाळेतले सगळे बूथ एकत्र केले की पाच-सात हजार मतदारांचा एक गट मिळतो आणि तो सहसा टिकून राहतो.

मतमोजणीच्या दिवशीही हाच भूगोल उपयोगी पडतो. साधारण १४ टेबलं असतात, म्हणजे पहिल्या फेरीत बूथ १ ते १४, दुसऱ्या फेरीत १५ ते २८. उत्तरमध्ये क्रमांक कसबा बावड्याकडून सुरू होतात. तो सतेज पाटलांचा बालेकिल्ला, त्यामुळं काँग्रेस किंवा तिचा उमेदवार पहिल्या फेऱ्यांत पुढं दिसला तर गुलाल उधळायची घाई नको. बघायचं ते बावड्यात मिळालेलं लीड मागच्या वेळेपेक्षा कमी आहे की जास्त. पेठांच्या फेऱ्या नंतर येतात.

बावड्यावरूनच आणखी एक. छत्रपती राजाराम साखर कारखाना याच बावड्यात आहे, आणि २०२३ मध्ये तिथं सतेज पाटलांच्या विरोधातल्या महाडिक गटाचं पॅनल जिंकलं. विधानसभेला पाटील गटामागं जाणारा बावडा कारखान्याला फिरला का? नाही. कारखान्याचे सभासद अनेक तालुक्यांत पसरलेले आहेत, बावडा हा त्याचा फक्त पत्ता. ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघाचंही तसंच, तिथं मत दूध संस्थांच्या प्रतिनिधींना असतं. या निकालांवरून पेठांचा कौल काढणारी विश्लेषणं दर निवडणुकीला येतात, वाचून सोडून द्यावीत.

लोकसभेत शहराचं वजन किती, हेही मोजून बघण्यासारखं आहे. कोल्हापूर लोकसभेत चंदगड, राधानगरी, कागल, दक्षिण, करवीर आणि उत्तर. एकूण मतदार १९ लाखांच्या पुढे, उत्तरचे तीन लाखांच्या आसपास. वरून मतदानाची टक्केवारी: २०२४ च्या विधानसभेला करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं, राज्यात सर्वाधिक, उत्तरमध्ये ते पासष्टच्या आसपास राहिलं. खासदार ‘कोल्हापूर’चा म्हणवतो, पण त्याचा निकाल खेड्यांतल्या सोसायट्या आणि गट ठरवतात. २०१९ ला संजय मंडलिक २ लाख ७० हजारांनी जिंकले ते ‘आमचं ठरलंय’ या घोषणेच्या लाटेत, आणि ती लाट काँग्रेसच्या सतेज पाटलांनी सेनेच्या उमेदवारामागं उभी केलेली होती. ते मताधिक्य सेनेच्या खात्यावर टाकून २०२४ चं गणित मांडणाऱ्यांचा आकडा चुकणारच होता.

महापालिकेचे आकडे आणताना एक काळजी घ्यावी. २०१५ ला ८१ प्रभाग होते, एका प्रभागात एक नगरसेवक. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीला ८१ जागा २० प्रभागांत बसवल्या: १९ प्रभागांत चार-चार, एकात पाच. म्हणजे एक मतदार चार मतं देतो, चारही वेगवेगळ्या पक्षांना देऊ शकतो, आणि पेठांत देतोही. पक्षाच्या चारही उमेदवारांची मतं बेरीज करून ‘पक्षाला इतके मतदार’ असं लिहिलं तर एकच माणूस चारदा मोजला जातो. अ, ब, क, ड या जागांची मतं वेगवेगळी ठेवावीत, आणि एकाच पक्षाच्या सर्वात जास्त व सर्वात कमी मतांच्या उमेदवारांतला फरक काढावा. फरक मोठा असेल तिथं मत गल्लीतल्या माणसाला पडलंय. बारीक असेल तिथं चिन्हाला.