हॅनफर्डचं खरकटं

ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायचे, तिथल्या टाक्यांमधला अणुकचरा एकदाचा काचेत मुरवायला लागले. मी ती आईला व्हॉट्सॲपवर पाठवली. तिचं उत्तर आलं, "आणि त्या सशांचं काय?" म्हटलं, आता लिहूनच टाकावं. दोन वर्षं नुसतं मनात घोळतंय.

२०२३ च्या जूनमध्ये आई आमच्याकडे सिएटलजवळ बेलव्ह्यूला आली होती. स्पेस नीडल झाला, धबधबे झाले, देऊळ तीनदा झालं. मग मी म्हटलं, अणुभट्टी बघायला येतेस? फुकट आहे. आम्ही बोईसरचे. तारापूरच्या भट्ट्या शेजारी असून आयुष्यभर त्यांचं कुंपणच काय ते पाहिलेलं. आई लगेच तयार झाली. दोन दिवसांचे ठेपले करून घेतले तिने.

स्नोक्वाल्मीचा घाट ओलांडेपर्यंत सगळं हिरवंगार, आणि पलीकडे उतरलं की एकदम कोरडं. महाबळेश्वर उतरून, वाई मागे टाकून माणदेशात शिरावं तसं. यकिमाच्या खोऱ्यात पाटाच्या पाण्यावर सफरचंद, चेरी, आणि आपल्या द्राक्षांसारखे, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या वेलींचे उंच मांडव. त्यापुढे करडी झुडपं आणि वारा. साडेतीन-चार तासांत हॅनफर्डजवळचं रिचलंड. तिथल्या हायस्कूलच्या संघाचं नाव 'बॉम्बर्स', आणि चिन्हात अणुस्फोटाचा ढग. आई भिंतीवरच्या त्या चित्राकडे बघतच राहिली. "शाळेच्या पोरांच्या अंगावर हे?" एवढंच म्हणाली.

एक गोष्ट आधीच सांगते. अणुकचऱ्याच्या सफाईचं काम जवळून दाखवणाऱ्या सरकारी सहलीला अमेरिकन नागरिकत्व लागायचं. आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना आणि पाहुण्यांना खुली होती ती बी रिॲक्टर या जुन्या अणुभट्टीची सहल. २०१५ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यानात मोडतो. त्यामुळे बाकीचं सगळं आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं.

आमचे गाइड तिथूनच निवृत्त झालेले एक आजोबा होते. बस निघाली आणि त्यांनी आकडे सांगायला सुरुवात केली: साधारण १५०० चौरस किलोमीटर आवार, नदीकाठी नऊ भट्ट्या, सगळ्यांनी मिळून बनवलेलं ६७ टन प्लुटोनियम. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम इथलंच. याच आवारात लायगोची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळाही आहे, आणि तिथल्यासाठीच बनवलेला एक यंत्रसंच आपल्या हिंगोलीत, औंढा नागनाथला बसवायचं ठरलंय. मी हे बसमध्ये मोठ्याने सांगितलं. कोणालाही काही वाटलं नाही, पण मला सांगायचंच होतं.

मग आजोबा १९४३ वर आले. इथे हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स अशी दोन गावं होती. नदीकाठी बागा होत्या, चेरी, पीच, स्ट्रॉबेरी. पिढ्यान्‌पिढ्या याच नदीवर मासे धरणारे वानापम आदिवासीही होते. सरकारच्या नोटिसा आल्या. काहींना फक्त तीस दिवस मिळाले. कारण सांगितलं नाही.

आईने मला कोपराने ढोसलं. "विचार त्यांना, झाडावरचं पीक कोणी काढलं?"

मी विचारलं. आजोबा थांबले, मग म्हणाले, "कैद्यांनी. तुरुंगातून आणून छावणी टाकली होती, त्यांनी तोडलं." मी भाषांतर केलं. आई खिडकीबाहेर बघत बसली. आमच्या दारी मासे घेऊन येणारी एक मावशी पोफरणची होती. तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. त्यानंतर कधीही आली की मावशी आधी जुन्या घराच्या अंगणाबद्दल बोलायची आणि मग भाव सांगायची.

बी रिॲक्टर बाहेरून जुन्या गिरणीसारखा दिसतो. आत गेलं की मात्र गप्प व्हायला होतं. समोर चार मजली उंचीची भिंत आणि तिच्यात ओळीने २००४ नळ्यांची तोंडं. मागे १२०० टन ग्राफाइट. या नळ्यांत युरेनियमचे तुकडे भरायचे. नवे पुढून ढकलले की जुने मागून पाण्यात पडायचे. थंड ठेवायला कोलंबिया नदीचं पाणी, मिनिटाला अडीच लाख लिटरहून जास्त, आणि थोडा वेळ हौदात थांबवून ते परत नदीत. नियंत्रण कक्षात एका भिंतीवर प्रत्येक नळीसाठी एकेक दाबमापक आहे. दोन हजार छोट्या तबकड्या बघून आई म्हणाली, "एवढ्या घड्याळांवर नजर ठेवायची म्हणजे माणसाचे डोळे जायचे."

सप्टेंबर १९४४ मध्ये भट्टी पेटली आणि काही तासांनी आपोआप मंदावत विझली. खुद्द शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी तिथे हजर. आत झेनॉन वायू तयार होऊन भट्टी पेटती ठेवणारे न्यूट्रॉन गिळत होता. दीड हजार नळ्या पुरतील असा हिशेब होता, पण बांधणाऱ्या इंजिनियरांनी हट्टाने ५०४ जास्तीच्या ठेवल्या होत्या. त्यांतही युरेनियम भरलं, त्यांनीच वाचवलं. हे सगळं बांधकाम अकरा महिन्यांत झालं होतं.

पंगत अशी झटपट उठली. खरकटं तसंच राहिलं.

भट्टीतून निघालेले तुकडे ॲसिडमध्ये विरघळवून त्यांत तयार झालेलं चिमूटभर प्लुटोनियम काढायचं आणि उरलेला रसायनांचा रगडा जमिनीखालच्या टाक्यांत सोडायचा. अशा टाक्या १७७. त्यात २१ कोटी लिटर. १४९ टाक्या एकेरी भिंतीच्या, त्यांतल्या कित्येक गळलेल्या. सफाईचा करार झाला १९८९ मध्ये. खर्च वर्षाला अडीच-तीन अब्ज डॉलरच्या घरात, आणि काम अजून पिढ्यान्‌पिढ्या चालेल.

बी रिॲक्टरच्या बाहेर उभं राहिलं की शेजारचा सी रिॲक्टर दिसतो. आजूबाजूच्या इमारती पाडून टाकल्या, गाभा तेवढा ठेवला आणि त्यावर उतरतं पत्र्याचं छप्पर घालून कुलूप लावलं. इथले लोक याला कोश म्हणतात, रेशमाच्या किड्याचा असतो तसा. सी चा कोश सगळ्यात आधी, १९९८ मध्ये झाला. ७५ वर्षांपर्यंत तसंच ठेवायचं, आतला किरणोत्सर्ग ओसरू द्यायचा, मग पुढचं बघायचं. मला हा प्रकार आधी टोलवाटोलवी वाटला. पण आजोबांचं म्हणणं होतं की आत्ता उघडलं तर माणसांना किरणोत्सर्ग जास्त सोसावा लागेल. पटलं.

आणि ससे. एके ठिकाणी कचऱ्याचं पाणी जिरवलेल्या चरांमध्ये प्राण्यांनी बिळं खणली. आतले क्षार खारट, म्हणून ससे ते चाटायला लागले. मग त्यांच्या लेंड्या माळभर, आणि त्या किरणोत्सर्गी. शेवटी हेलिकॉप्टरमध्ये यंत्र बसवून लेंड्या शोधाव्या लागल्या. आई इतकी हसली की पुढच्या बाईने वळून बघितलं. झुडपांचंही तेच. मुळं खोल जातात, खालचं किरणोत्सर्गी स्ट्राँशियम ओढून घेतात आणि वाळली की वाऱ्यावर गडगडत सुटतात. ती गोळा करायला माणसं नेमलेली आहेत.

परतताना दूरवर काच कारखान्याचे क्रेन दिसले, २००२ पासून बांधत असलेला. कचरा आणि काचेचा कच्चा माल साधारण ११५० अंशांवर वितळवून स्टीलच्या पिंपांत ओतायचा. मी आईला म्हटलं, चिक्कीसारखं. मग स्वतःलाच दुरुस्त केलं: चिक्कीत दाणे वेगळे राहतात, हे पाकात केशर मुरावं तसं काचेचाच भाग होऊन जातं. तारापूरलाही असा कारखाना आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हॅनफर्डला सुरू झालं ते फक्त कमी तीव्रतेच्या कचऱ्याचं. जहाल कचऱ्याचा विभाग अजून तयार व्हायचाय.

दुसऱ्या दिवशी यकिमाजवळ रस्त्याकडेला चेरीचा स्टॉल लागला. आईने गाडी थांबवायला लावली आणि एक चेरी दोन बोटांत धरून विचारलं, "ही बाग नदीच्या वरच्या अंगाला का खालच्या?"

"ही नदीच वेगळी गं. यकिमा. ती खाली रिचलंडपाशी जाऊन कोलंबियाला मिळते."

"मग दोन किलो घे," म्हणाली, आणि बाटलीतलं पाणी ओतून रस्त्यावरच दोनदा धुतल्या.